चकती उचलून वाचणारे गोपाळमाम

निवृत्त माणूस दिवसभर घरात बसला की घरच्यांच्या डोळ्यांवर येतो, म्हणून आठवड्यातून दोनदा मी एका क्लासमध्ये मुलांना पायथन शिकवायला जातो. त्यात एक धडा येतो. हाताशी नंबरांची यादी आहे, समोर एक नंबर आहे, आणि हा त्या यादीत आहे का एवढंच विचारायचं आहे. यादी साधी ठेवली असेल तर यंत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत एकेक नंबर वाचत जातं. तीच यादी संच म्हणून ठेवली तर ते नंबरावरूनच जागा काढतं आणि थेट तिथे जाऊन बघतं. मग नंबर शंभर असोत की लाख, उत्तर तसंच झटकन. मुलं विचारतात, सर, हे होतं कसं? मी फळ्यावर एक चौकट काढतो, तिच्यात खिळे काढतो, आणि दर खेपेला माझा हात तिथेच थांबतो. मुलांना वाटतं, सरांना धाप लागली.

ते खिळे गोपाळमामांचे आहेत. मी ते त्यांच्याकडून घेतले, त्यांच्यावरच वापरले आणि आजवर हे कुणाला सांगितलं नाही.

डिचोली तालुक्यात, नार्व्याच्या खालच्या अंगाला नदीकाठी एका खाण कंपनीची जेटी होती. खाणीवरून ट्रक भरून माती यायची, जेटीवर बार्जमध्ये, म्हणजे माल वाहणाऱ्या सपाट बोटींत, पडायची आणि बार्ज मुरगाव बंदराला जायच्या. माती म्हणजे लोखंडाची, लाल. झाडं लाल, कावळे लाल, आमच्या सदऱ्यांच्या कॉलरी धुऊनही लाल. गोव्याला राज्याचा दर्जा मिळणार की नाही, भाषा कोंकणी की मराठी, याच्यावरून चहाच्या टपरीवर कप आपटण्याचे ते दिवस. मी गडहिंग्लजकडचा, नवा नवा कॉम्प्युटर शिकलेला. कंपनीने एक कॉम्प्युटर घेतला होता आणि त्याच्यासोबत मला.

गोपाळमाम त्या जेटीच्या गेटवर. आडनाव परब, गाव पेडण्यातलं चोपडे. अंगाने काटकुळे, खाकी शर्टाच्या खिशात चष्म्याचं घर, पत्रा कापायची कातर आणि एक बोथट खिळा. बोलता बोलता डाव्या कानाची पाळी ओढायची सवय. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून यायचा, त्याच्याकडून दोन उंडे, गोल पाव, घ्यायचे, त्यातला एक स्वतः खायचे आणि दुसरा पहिल्या ट्रकच्या ड्रायव्हरला द्यायचे, तो कोण का असेना. कारण विचारलं तर म्हणायचे, "पयलो मनीस उपाशी येता. दुसऱ्याक वेळ मेळ्ळिल्लो आसता."

त्यांचं काम असं होतं. कुणी ड्रायव्हर दारू पिऊन सापडला, कुणी शाळेसमोरून गाडी सुसाट नेली, की खाणीवरचे साहेब त्याच्यावर बंदी घालायचे. त्याच्या पासाचा नंबर चिठ्ठीवर लिहून जेटीवर यायचा. बंदी असलेला ड्रायव्हर गेटमधून आत सोडायचा नाही. आता हंगामात दिवसाला शेकड्यांनी ट्रक येणार, बंदीतले नंबर पाऊणशे-ऐंशी, दर ट्रकला सगळी यादी वाचत बसलं तर नदी आटायची. गोपाळमामांनी त्यावर स्वतःच्या डोक्याने तोड काढली होती. केबिनच्या भिंतीवर एक मोठी फळी, तिच्यावर शंभर खिळे, शून्य-शून्य ते नव्व्याण्णव. चिठ्ठी आली की ते तेलाच्या डब्याचा पत्रा कापून चकती करायचे, तिच्यावर त्या बोथट खिळ्याने पूर्ण नंबर ठोकायचे आणि नंबराच्या शेवटच्या दोन आकड्यांच्या खिळ्याला ती अडकवायचे. ड्रायव्हरने पास दाखवला, चार-तीन-एक-सात, की गोपाळमामांची मान सतरा नंबरच्या खिळ्याकडे. खिळा रिकामा, "चल." बाकीच्या नव्व्याण्णव खिळ्यांकडे ते ढुंकून बघत नसत.

खिळ्यावर चकती असली तर मात्र ते उठायचे, खिशातून चष्मा काढायचे, नाकावर चढवायचे, चकती उचलून बोटांत धरायचे आणि चारही आकडे मोठ्याने वाचायचे. दोन असल्या तर दोन्ही. मागे भोंगे वाजत असायचे. ड्रायव्हर ओरडायचे, "मामा, आज पोचतलों मगे?"

"खिळो भरलो म्हणून तूंच तो अशें जाता?" ते म्हणायचे. "सतरा आकड्याचे सोयरे खूप आसतात."

ही सवय नुसती गेटवर नव्हती. जेवणाच्या वेळी आमचे डबे एका फळीवर ओळीने असायचे. स्वतःचा डबा रोज त्याच कोपऱ्यात असूनसुद्धा ते तो उचलून खालचं नाव वाचल्याशिवाय उघडत नसत. छत्री, चप्पल, सगळ्याचं तेच. मी एकदा चेष्टेने म्हणालो, "मामा, घरी गेल्यावर मामींचंही नाव वाचता की काय?" ते हसले नाहीत. कान ओढत बसले, आणि मग त्यांनी मला ती गोष्ट सांगितली.

तरुणपणी ते काही दिवस टपाल वाटायचे. एका वाड्यावर पाच घरं परबांची. एक तार आली, मुंबईला माणूस गेल्याची. त्या वाड्यावरचा मुंबईला गेलेला परब यांना एकच ठाऊक, म्हणून वरचं पूर्ण नाव न वाचता त्यांनी तार त्याच्या घरी दिली. बाईने जागच्या जागी बांगड्या फोडल्या. संध्याकाळी कळलं की तार शेजारच्या घरची होती, हिचा नवरा धडधाकट.

"मग?" मी विचारलं.

"मग कितें? दुसऱ्या दिसा सकाळीं तिच्या दारांत वचून उबो रावलों. म्हळें, वयनी, चूक म्हजी. तिणें पाट्यावयलो नाल्ल घेवन म्हाका मारलो." त्यांनी कपाळावरची त्या नारळाची जुनी खूण दाखवली. "बरें केलें. मारलो नासलो जाल्यार हांव तें वझें आजून व्हांवतां आसलों."

मार खाऊन ओझं उतरलं म्हणणाऱ्या माणसाला मी तेव्हा हसलो होतो.

गेटवर ते कुणाचे नव्हते आणि सगळ्यांचे होते. भाषेवरून वाद पेटला की लोक त्यांना मुद्दाम खोचून विचारायचे, "मामा, तुम्ही कुठल्या बाजूचे?" त्यांचं उत्तर ठरलेलं, "म्हज्या घरांत झगडीं कोंकणींतल्यान जातात आनी आरत्यो मराठींतल्यान. तुमकां जाय ती बाजू घेयात." राज्याचा दर्जा मिळाला त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना खाजें, जत्रेतली गुळाची मिठाई, वाटलं, मलाही मूठभर. त्याच आठवड्यात काही स्थानिक ड्रायव्हर त्यांच्याकडे आले. म्हणाले, आता राज्य आपलं झालं, तर घाटावरच्या ड्रायव्हरांना गेटवर मागे ठेवा, त्यांची वेगळी यादी करा. मी तिथेच उभा होतो, घाटावरचाच. माझ्याकडे न बघता गोपाळमाम म्हणाले, "बोर्डार खिळे नंबराचे आसात. गांवाचे नात." आणि पुढचा पास मागितला. त्या दिवशी मला ते माझ्या वडिलांपेक्षा जवळचे वाटले, हे मी आज कबूल करतो.

माझा कॉम्प्युटर मात्र रडत होता. जेटीवरच्या साहेबांचा हुकूम होता की बंदीची यादी आता मशीनवर पाहिजे. मी यादी फ्लॉपीवर भरली आणि प्रोग्राम लिहिला. नंबर टाकला की तो यादी पहिल्यापासून वाचत सुटायचा आणि फ्लॉपी चरचरत राहायची. एका ट्रकला अर्धा मिनिट. पहिल्याच दिवशी ट्रकांची रांग देवळाच्या वळणापलीकडे गेली. ड्रायव्हरांनी माझ्या आईबापांचा उद्धार तीन भाषांत केला. साहेब म्हणाले, आठ दिवसांत हे नीट झालं नाही तर मशीनही परत आणि तूही.

मी गोपाळमामांकडे गेलो. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, बरी जिरली. त्यांनी मला फळीसमोर उभं केलं आणि त्यांच्या पोटावर पाय आणणारी विद्या बसल्या जागी शिकवली. "सगळें वाचूं नाका. नंबरच सांगता खंय वचपाचें तें."

त्या रात्री नव्हे, त्याच दुपारी मी प्रोग्राम बदलला. शंभराऐवजी मशीनमध्ये हजार खिळे केले, शेवटच्या तीन आकड्यांचे. नंबर टाकला की मशीन थेट त्या खिळ्याकडे. खिळा भरलेला, तर पडद्यावर 'बंदी'. रिकामा, तर 'सोडा'. चकती मी ठेवलीच नाही. खिळा भरलाय एवढी खूण पुरे झाली. हजार खिळे आणि ऐंशी नंबर, एका खिळ्यावर दोघे येणार कशाला? आणि आले तर बघू. बघू हा शब्द माझ्या तोंडी फार होता.

दाखवायला गोपाळमामांनाच पहिल्यांदा बोलावलं. नंबर टाकायच्या आत उत्तर आलं. ते खूश होऊन पडद्याला हात लावून आले. मग कानाची पाळी ओढत म्हणाले, "आनी चकती उकलून वाचता मगे हें?"

"हो हो," मी म्हणालो. त्यांना समजावत कोण बसणार, असं वाटलं.

गेटवर येणारे बहुतेक पास तेव्हा एकाच हजारातले होते, म्हणून महिनाभर सगळं सुरळीत चाललं. फळी उतरवून केबिनच्या मागे ठेवली गेली. गोपाळमामांचं काम उरलं ते पासाचा नंबर खिडकीतून मला ओरडून सांगण्याचं. खाणीवरच्या चिठ्ठ्या मात्र अजून पहिल्या ट्रकबरोबर त्यांच्याच हातात यायच्या. ते चष्मा लावून एकेक वाचायचे आणि मग माझ्याकडे द्यायचे. मी त्या मशीनमध्ये भरून तारेच्या आकड्याला टोचून ठेवायचो.

मग मारुती आला. खानापूरकडचा नवा ड्रायव्हर, विशीतला, पानसुद्धा न खाणारा. गोपाळमामांनी खिडकीतून ओरडून सांगितलं, "सहा-चार-एक-सात." मी नंबर टाकला. पडद्यावर 'बंदी'.

"परत घाल," गोपाळमाम म्हणाले. मी परत टाकला. बंदी.

"ना. हो नंबर तातूंत ना. हांवें दरेक चिठ्ठी वाचल्या."

मारुती खाली उतरला. मामा म्हणतात म्हणजे मी नाहीच, असं तो म्हणू लागला, मग मोठ्याने म्हणू लागला. मागे भोंगे सुरू झाले. साहेब ऑफिसातून बाहेर आले. गोपाळमाम शांतपणे म्हणाले, "सायबा, चिठ्ठ्यो काडून पळयात. दोन मिन्टां लागतलीं."

साहेब चिठ्ठ्यांकडे न बघता रांगेकडे बघत होते. "मशीन चिठ्ठ्यांवरूनच सांगतं ना? मग?" आणि माझ्याकडे वळले.

त्याआधी गोपाळमामच माझ्याकडे वळले. सगळ्यांच्या देखत, अगदी सावकाश, त्यांनी मला विचारलं, "तूं सांग रे. मशिनीन चकती वाचल्या?"

मला तेव्हाच कळलं होतं असं मी म्हणणार नाही. पण चिठ्ठ्यांची तार माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होती, आणि तिच्याकडे हात नेला असता तर कळलं असतं एवढं मला कळलं होतं. साहेब बघत होते. मी म्हणालो, "होय, वाचलीय."

गोपाळमामांचा चेहरा बदलला तो रागाने नव्हे. त्यांनी कान धरला तो धरूनच ठेवला. मग म्हणाले, "सायबा, हो नंबर यादींत आसत जाल्यार म्हजें माथें गेलें. आनी माथें गेल्लो मनीस गेटीर नाका." डोकं गेलेला माणूस गेटवर नको, हे मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलले. मारुतीने मात्र धीर सोडला नव्हता. मामांवर भिस्त ठेवून तो साहेबांशी तंडत राहिला, एक शिवी गेली, आणि साहेबांनी त्याचा पास तिथेच फाडला. संध्याकाळी गोपाळमामांनी कातर, बोथट खिळा आणि गेटची चावी माझ्या टेबलावर ठेवली. तीन वस्तू, तिन्ही एकेक उचलून बघून.

चिठ्ठ्या मी त्याच दुपारी, जेवणाच्या सुट्टीत काढल्या होत्या. सहा-चार-एक-सात कुठेच नव्हता. दोन-चार-एक-सात होता. चारशे सतराचा खिळा भरला होता तो दुसऱ्याच कुणाचा. म्हणजे गोपाळमाम चावी ठेवत होते तेव्हा मला सगळं ठाऊक होतं. मी चावी घेतली. "काळजी घ्या, मामा," असंही म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी प्रोग्राम दुरुस्त केला. प्रत्येक खिळ्यावर चकती ठेवली, मशीनला ती उचलून वाचायला लावली. चार ओळी वाढल्या. कुणाला कळलं नाही. साहेबांनी माझी पाठ थोपटली की मशीन आल्यापासून गेटवर तक्रार नाही. मारुती परत कधी दिसला नाही. सांगेन, सांगेन म्हणत दीड वर्ष गेलं. दर सोमवारी मी ठरवायचो आणि शनिवारपर्यंत काहीतरी निघायचं. भेकड माणसाला कारणांची ददात नसते.

पुण्याला दुसरी नोकरी मिळाली तेव्हा मात्र मी स्वतःला बजावलं की चोपड्याला जाऊन आल्याशिवाय गोवा सोडायचा नाही. म्हापशाहून शिवोली, शिवोलीहून फेरीबोटीने नदीपलीकडे. बोटीवर मी वाक्य पाठ करत होतो. मामा, यादीत तो नव्हता, चूक माझी होती, आणि मला तेव्हाच ठाऊक होतं.

घर नदीला लागून. सोप्यावर गोपाळमाम जाळं विणत बसले होते. वाळले होते. मला बघून एवढा आनंद झाला त्यांना की मामींना दोनदा हाक मारली. माझी खांद्यावरची पिशवी घेऊन त्यांनी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली. मामींनी चहा आणि उंडो आणला. मी तोंड उघडायच्या आधी तेच बोलू लागले.

"तूं आयलो तें बरें जालें. तुका सांगपाचें उरलां म्हजें." ते जाळ्याकडे बघत होते. "त्या दिसा हांवें तुज्या मशिनीक खोटें म्हळें. सगळ्यां मुखार. म्हाका वाटलें, म्हजें माथें घट आसा. नासलें. आनी म्हज्या उतरार तो मारुती झगडलो. ताची भाकरी हांवें खाल्ली रे."

मामी आतून म्हणाल्या, "तेन्नासावन अशेच करतात. देवळाची चावी परत दिली. गांवांत कोण कितें विचारीत जाल्यार सांगतात, म्हाका विचारूं नाकात, म्हाका याद रावना. सगळी याद आसा तांकां!"

"तूं वगी राव," ते म्हणाले, आणि माझ्याकडे वळून त्यांनी हात जोडले. जाळ्याचा दोरा बोटांत अडकलेलाच होता. "म्हाका माफ कर."

माझं वाक्य तोंडात होतं. पाठ केलेलं, तीन तुकड्यांचं. समोर तो माणूस हात जोडून बसलेला, कपाळावर ती जुनी खूण. नुसतं बोलायचं होतं. त्यांनी मला जाळ्याच्या काठीने मारलं असतं आणि बरं केलं असतं. त्यांचं माथं त्यांना परत मिळालं असतं. त्यासाठीच तर मी नदी ओलांडली होती.

मी म्हणालो, "असू दे मामा. होतं असं कधी कधी."

मी त्यांना माफ केलं. त्यांचे डोळे भरून आले.

मग इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. पुण्यात पाणी कसं असतं, बांगडा मिळतो का. फेरीबोटीचा भोंगा झाला तसा मी उठलो. पिशवी घ्यायला हात पुढे केला, पण ते माझ्या आधी उठले. भिंतीवर एकच खिळा होता आणि त्याच्यावर एकच पिशवी. त्यांनी खिशातून चष्मा काढला, नाकावर चढवला. पिशवी उचलली, तिचं झाकण उलटून आत शाईने लिहिलेलं माझं नाव बोट ठेवून वाचलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. मग ती माझ्या हातात दिली.

"तुजीच," ते म्हणाले.